शिनगाऱ्यांची वाम

ज्योतीराम शिनगारे आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्या दिवशी सामान वर चढायच्या आधीच त्यांनी माझ्या दारात उभं राहून मला सांगितलं, की तुमचं दार खालच्या बाजूनं तीन मिलिमीटर बसलंय. मी म्हटलं, अकरा वर्षं बसलंय, अजून तरी चोर आलेला नाही. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेचकस घेऊन आले आणि बिजागरी काढून नीट बसवून गेले. चहा देऊ केला तर म्हणाले, कामावर असताना चहा घेत नाही. कामावर, म्हणजे माझ्या दारावर.

हा माणूस केज तालुक्यातला. अठ्ठ्याऐंशी साली आयटीआय करून पुण्याला आला आणि पुढे चाकणला गिअरचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटला. शेवटच्या तपासणीच्या टेबलावर त्यांनी पंचवीस वर्षं काढली. नाशिक फाट्यावरून सकाळी सहा चाळीसला कंपनीची बस, संध्याकाळी तीच बस परत. माल ट्रकमध्ये चढायच्या आधी शिनगाऱ्यांच्या हाताखालून जायचा आणि त्यांची सही असल्याशिवाय पेटी हलायची नाही. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, हा त्यांचा एकमेव धर्म. बाकी देवधर्म त्यांच्या पत्नी दुर्गाताई बघायच्या.

मागच्या वर्षी निवृत्त झाले आणि आमच्या इमारतीवर संकट कोसळलं. तपासायला गिअर उरले नाहीत म्हणून ते लिफ्ट तपासू लागले, पाण्याच्या टाकीचं झाकण तपासू लागले, दुधाच्या पिशव्या हातात घेऊन वजनाचा अंदाज सांगू लागले. दुर्गाताईंनी केलेल्या भाकरीची एक कड जाड आहे असं ते म्हणाल्यावर दुर्गाताईंनी दोन दिवस भाकरी केलीच नाही. मी स्वतः महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं हजेरी घेतलेली बाई, त्यामुळे मला या माणसाचा राग यायचा आणि थोडी मायाही वाटायची. हातातलं काम सुटल्यावर हात कसे वळवळतात ते मला ठाऊक आहे.

त्यांच्या हॉलमध्ये तीन फुटांची एक काचेची टाकी होती. ती त्यांची नव्हे, त्यांच्या मुलाची, निरंजनची. टाकीत मासे दिसायचे नाहीत. तळाला चार बोटं बारीक वाळू, दोन दगड, एक मोडकं कौल आणि पाणी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, मासे मेले का? तेव्हा निरंजन हसला आणि मला खाली वाकायला सांगितलं. वाळूतून करंगळीच्या टोकाएवढं एक अणकुचीदार नाक बाहेर आलेलं होतं, बस्स. वाम होती ती, सापासारखी लांबट मासळी. चिंचवडच्या दुकानातून वीतभर असताना आणलेली, आता हातभर झालेली. पाठीवर बारीक काटे, अंगावर तपकिरी नक्षी. दिवसभर वाळूत गाडून घेते आणि दिवेलागणीला कधी मनात आलं तर बाहेर पडते, गांडूळ शेवईसारखं ओढून खाते, पुन्हा वाळूत शिरते, असं त्यानं मला समजावून सांगितलं. आठवड्यातून एकदा दिसली तरी पुष्कळ, असंही म्हणाला.

शिनगाऱ्यांना हे मुळात पटलेलं नव्हतं. आमच्या मांजरा नदीला असल्या वामा ढिगानं निघायच्या, पोरं धोतरात धरायची आणि रात्री कालवण व्हायचं, असं ते सांगत. दुर्गाताई टाकीला हॉलमधलं कालवणच म्हणत. पण निरंजन त्या टाकीपुढे तास न् तास बसायचा. पोरगं अबोल. बापासमोर तर जास्तच.

निरंजन निघून गेला त्याची गोष्ट मला दुर्गाताईंनी सांगितली, तीही तुकड्यातुकड्यांनी. डिप्लोमा झाल्यावर बापानंच त्याला आपल्या कंपनीत लावलं होतं, लेथ मशीनवर. निवृत्तीला चार महिने असताना निरंजनच्या मशीनवरचे चारशे बारा नग तपासणीच्या टेबलावर आले आणि सगळेच्या सगळे मापाबाहेर निघाले. केसाच्या निम्म्या जाडीएवढा फरक. निरंजन सांगत होता, की मशीनमध्येच काहीतरी गडबड आहे, मी शिफ्ट सुरू झाल्यावर सुपरवायझरला तसं बोललो होतो. कंपनीत अशा वेळी एक कागद भरायचा असतो. त्याला तिथे सगळे व्हाय-व्हाय म्हणतात. दोष लिहायचा, मग एकाखाली एक पाच वेळा ‘का’ विचारत मुळापर्यंत जायचं आणि शेवटी जबाबदार माणसाचं नाव घालायचं. शिनगाऱ्यांनी दुसऱ्याच ‘का’ला थांबून लिहिलं: ऑपरेटरचं दुर्लक्ष, निरंजन शिनगारे. आपला मुलगा म्हणून सोडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून घाईनं लिहिलं. पंधरा दिवसांनी मशीनचाच एक भाग झिजलेला सापडला. तोवर कागद फाइलला लागला होता आणि निरंजनची कायम होण्याची संधी गेली होती. चूक कळली तरी बापानं पोराला तसं म्हटलं नाही.

बाप निवृत्त झाला त्याच महिन्यात निरंजननं तमिळनाडूत होसूरला नोकरी धरली. चार पोरांच्या खोलीत टाकी नेणं शक्य नव्हतं. जाताना त्यानं आईला सांगितलं, वामेला सांभाळ. बापाशी काही बोलला नाही.

दोन महिने दोघांमध्ये एक शब्द नाही. शिनगारे रोज दुर्गाताईंच्या फोनकडे असं बघायचे, जणू तोही त्यांच्या टेबलावर आलेला नग आहे. मग एका रविवारी आईच्या फोनवर निरंजनचा मेसेज आला: वाम दिसली का? दुर्गाताईंना फोटोबिटो जमत नाही. त्या दिवशी योगायोगानं वाम संध्याकाळी बाहेर होती. शिनगाऱ्यांनी आपल्या फोनवरून फोटो काढला आणि स्वतःच पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: छान. वजन वाढलंय.

तो मेसेज त्यांनी मला दारात बोलावून दाखवला. दोन वाक्यं, पण त्यांनी ती चार वेळा वाचली.

दुसऱ्या दिवसापासून रोजचा फोटो सुरू झाला. अडचण अशी, की वाम रोज दिसत नाही. निरंजननं मला सांगितलेलं मी शिनगाऱ्यांना सांगितलं होतं, पण न दिसणाऱ्या वस्तूचा अहवाल कसा द्यायचा हे त्यांना पंचवीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी एक मऊ जाळी आणली. रोज सकाळी आठला बाह्या दुमडून टाकीत हात घालायचे, वाळू उकरायचे, वामेला जाळीत घ्यायचे आणि काचेजवळ धरायचे. दोन्ही हात गुंतल्यामुळे फोन धरायला कुणीतरी लागायचं. दुर्गाताईंनी साफ नकार दिला. झोपलेल्या जिवाला उठवायचं मला जमणार नाही, म्हणाल्या. मग माझ्या दारावर टकटक व्हायची. “बाई, जरा येता का? तेवढा फोटू घ्यायचाय.”

मी जायचे. हे मी लपवणार नाही. मला गंमत वाटायची आणि सकाळी आठला माझीही कुणी वाट बघत नसायचं. मी फोन धरायचे, म्हणायचे, जरा डावीकडे, हां, आता. वाम जाळीत वेटोळं करून अंग झटकायची. फोटो गेला की आम्ही दोघं उभेच राहायचो. होसूरहून उत्तर यायचं: बरी दिसते. किंवा: गांडुळं बारीक करून द्या. किंवा नुसता अंगठा. अंगठा आला त्या दिवशी शिनगारे जरा उदास असायचे, दोन वाक्यं आली की खाली जाऊन वॉचमनशीसुद्धा गोड बोलायचे. एकदा निरंजननं विचारलं, रोज कशी काय दिसते? माझ्या वेळी तर दिसायची नाही. शिनगाऱ्यांनी लिहिलं: निगा ठेवतो. त्या उत्तराचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं होतं, आता लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सुधारणा केली. उकरायला वेळ लागतो, पाणी गढूळ होतं, फोटो धूसर येतो. कंपनीत त्यांना शिकवलेलं होतं, की प्रत्येक वस्तू एका नजरेत सापडली पाहिजे, शोधण्यात वेळ गेला तो वाया गेला. त्यांनी टाकीतली वाळू चमच्यानं काढून बादलीत भरली. चार बोटांवरून एकच बोट ठेवली. कौलही बाहेर काढलं, कारण ते आडोसा करत होतं. टाकी लख्ख दिसू लागली. वाम आता कुठेही गेली तरी अर्धी उघडीच. मला बोलावून दाखवलं आणि म्हणाले, बघा, आता दहा सेकंदांत काम.

दहा सेकंदांत काम होऊ लागलं खरं. दोन आठवडे सुरळीत गेले. मग मला फोटोत दिसलं, की वामेच्या नाकाचं टोक पांढरं पडलंय. मी बोलले. शिनगारे म्हणाले, उजेड पडलाय. चार दिवसांनी तो पांढरा डाग कापसासारखा फुगला आणि वामेनं गांडुळं खायचं सोडलं. गांडुळं तळाला मरून पडायची. ती कोपऱ्यात नाक खुपसून उभ्या उभ्या काच घासायची, पुन्हा पुन्हा, वाळूत शिरायला बघायची आणि खाली काचच लागायची. त्या दिवशी मी फोटो काढला नाही. जुनाच पाठवा म्हटलं. शिनगारे म्हणाले, जुना माल नवा म्हणून पाठवत नाही मी.

आम्ही दोघं बसनं चिंचवडला त्या दुकानात गेलो. दुकानात करिष्मा नावाची मुलगी बसते. तिनं फोटो बघितले, एकामागून एक, सगळे बेचाळीस. मग विचारलं, काका, हिला रोज बाहेर काढता? शिनगाऱ्यांनी सगळं खरं सांगितलं. लपवायचा स्वभाव नाही. करिष्मा रागावली नाही, ते जास्त वाईट होतं. ती म्हणाली, “काका, ही वाळूत असते तेव्हा बरी असते. दिसत नाही म्हणजे ठीक आहे.” औषध दिलं, मापात घाला, अंगाला खवले बारीक आहेत, जास्त झालं तर भाजेल असं दोनदा बजावलं आणि वाळू आजच्या आज परत भरायला सांगितलं.

शिनगाऱ्यांनी घरी येऊन बादलीतली वाळू सात पाण्यांनी धुतली, हातानं हळूहळू टाकीत सोडली, कौल जागेवर ठेवलं, औषध मोजून घातलं. वाम वाळूत शिरली. नाकसुद्धा बाहेर ठेवलं नाही तिनं. शिनगारे खुर्ची घेऊन टाकीसमोर बसले आणि हात मांडीखाली दाबून ठेवले. खरंच, दोन्ही हात मांडीखाली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, आपोआप जायलेत पाण्यात.

चार दिवस त्यांनी हात लावला नाही आणि फोटोही पाठवला नाही. दुसऱ्या दिवशी निरंजनचा मेसेज आला: आज फोटो नाही? यांनी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार? तिसऱ्या दिवशीही विचारलं. चौथ्या दिवशी सकाळी वाम पाण्यावर आली होती, आडवी, पोट वर. शिनगाऱ्यांनी तिला जाळीनं नव्हे, दोन्ही तळहातांनी उचललं. दुर्गाताई देवासमोरून उठून आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. इमारतीमागे रेल्वेच्या भिंतीलगत तुळशीची जुनी मोठी कुंडी आहे, तिच्यात पुरली. पुरताना शिनगारे मला म्हणाले, “एवढाच धागा होता, बाई. आता तो कशाला बोलंल माझ्याशी?”

मी शहाणपणानं म्हटलं, काहीतरी आजार होऊन गेली असं कळवा. एकतीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई मी, आणि हे म्हटलं. त्यांनी हात धुतले आणि वर निघून गेले.

दुपारी पुन्हा टकटक झाली. हातात मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान होतं, मागच्या कोऱ्या बाजूला पट्टीनं आखलेलं. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. म्हणाले, याचा फोटो घ्या, नीट सगळ्या कडा आल्या पाहिजेत. मी फोटो घेता घेता वाचलं.

दोष: वाम मेली.
१. का मेली? तोंडाची जखम चिघळली.
२. जखम का झाली? वाळू कमी होती. आत शिरताना काचेला घासली.
३. वाळू कमी का? रोज लवकर सापडावी म्हणून मी काढली.
४. रोज का सापडायला पाहिजे? निरंजनला फोटो पाठवायला.
५. रोज फोटो का? फोटो गेला तरच निरंजनचं उत्तर येतं.
जबाबदार: ज्योतीराम शिनगारे.

त्याखाली, रकान्याच्या बाहेर, जरा वेड्यावाकड्या ओळीत आणखी एक वाक्य होतं. चारशे बारा नगांच्या वेळी मी पाच ‘का’ विचारले नव्हते, दोनावरच थांबलो आणि नाव लिहिलं, ते चूक होतं.

पहिला फोटो हलला. त्यांनी तो तपासला, पुसट आहे म्हणाले आणि दुसरा घ्यायला लावला. मग पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. वाचलं होतं.

उत्तर आलं नाही. आम्ही दोघं उभे राहिलो, नेहमीसारखे, पण ती पाच मिनिटं सरली, अर्धा तास सरला. दुर्गाताई म्हणाल्या, कामावर असंल पोरगं. दुसरा दिवस तसाच गेला. शिनगारे त्या दिवशी लिफ्टकडे गेले नाहीत, दुधाच्या पिशवीलाही हात लावला नाही. भाकरी जाड निघाली असावी, कारण दुर्गाताईंनी मला मुद्दाम सांगितलं, की गपगुमान खाल्ली. मी निरंजनला फोन लावावा का असं दहा वेळा मनात आलं. नाही लावला. पुष्कळ उकरून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बरोबर आठला टकटक झाली. शिनगारे दारात उभे, चष्मा कपाळावर, फोन माझ्यापुढे धरलेला. निरंजनचा रात्रीचा मेसेज होता: अण्णा, कागद वाचला. दोन दिवस काय लिहावं सुचलं नाही. उद्यापासून परत रोज फोटो पाठवा.

त्याखाली शिनगाऱ्यांनी लिहिलं होतं: कशाचा? टाकी रिकामी आहे.

आणि त्याखाली एकच शब्द होता: तुमचा.

मी त्यांना भिंतीशी उभं केलं. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि कंपनीच्या गेटपासवर असतात तसे ताठ, हात दोन्ही बाजूंना चिकटवून उभे राहिले. हसा जरा म्हटलं, तर त्यांना ते जमेना. मी तसाच फोटो काढला आणि पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं: बारीक झालात. नीट जेवत नाही का?

शिनगाऱ्यांनी ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं, मग दुर्गाताईंना दाखवायला फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.